व्याह्यांची रायवळ वाईन

कलम बांधण्यात आमच्या घराण्याचा हात धरणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात नाही. हे मी म्हणत नाही, आमच्या नर्सरीच्या पाटीवर तसं लिहिलेलं आहे. (पाटी मीच रंगवून घेतली.) पालीच्या थोडं पुढे, कोल्हापूरच्या रस्त्याला ही पाटी लागते. आजोबा कलमं बांधायचे, वडील बांधायचे, आणि मी तर अशी बांधतो की वर्षभराने जोड कुठे होता ते माझं मलाच सापडत नाही! हापूस, काजू, चिकू, जायफळ, जे हाताला लागेल ते मी कापतो आणि दुसऱ्या कशावर तरी बसवतो. आमची ही, म्हणजे शालन, म्हणते, "तुमच्या हातात सुरी असली की मी एका जागी फार वेळ उभी राहत नाही."

तर अशा या घरातल्या मुलीने द्राक्षवाल्यांचा मुलगा पसंत केला. मुग्धा आमची एकुलती एक. दापोलीला शेतकी शिकायला गेली आणि येताना डिग्रीबरोबर अजिंक्यलाही घेऊन आली. नाशिककडची मंडळी. चांगली मोठी द्राक्षबाग, आणि वडिलांची, दौलतरावांची, स्वतःची छोटीशी वायनरी.

"म्हणजे दारूचा कारखाना?" शालनने विचारलं.

"दारू नाही गं, वाईन."

"ती काय देवाच्या तीर्थासारखी पळीने घेतात?"

पण मुलगा गुणी होता, मुलीने ठरवलंच होतं, आणि मे महिन्यात व्याही-विहीणबाई आंबे खायला आणि बोलणी करायला आमच्याकडे आले.

दौलतराव म्हणजे उंच, भरदार मिशांचा, मोजकं बोलणारा माणूस. जेवणाआधी त्यांनी पिशवीतून पंच्यात गुंडाळलेली एक बाटली अशी अलगद काढली, जणू आत तान्हं मूल आहे. आमच्याकडे काचेचे पेले नव्हते, म्हणून शालनने फुलपात्रं मांडली. दौलतरावांनी आपलं फुलपात्र हातात धरून गोल गोल फिरवलं आणि वास घेतला. मीही फिरवलं. निम्मी वाईन माझ्या पांढऱ्या शर्टावर आली! उरलेलीचा मी वास घेतला.

"काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"लाल आहे," मी म्हणालो.

"व्याहीबुवा, ही साधी वाईन नाही. आमच्या आजोबांनी नदीकाठच्या वाळूत लावलेल्या वेलींची आहे. चारच ओळी आहेत. ही वाईन आम्ही विकत नाही, फक्त घरच्या कार्याला उघडतो." मग त्यांनी आवाज खाली आणला. "या वेली कलम केलेल्या नाहीत. स्वतःच्या मुळावर उभ्या आहेत."

त्यांना वाटलं असणार की मी आश्चर्याने तोंडात बोट घालीन. मला मात्र त्यांची कणव आली. एवढी मोठी बाग, एवढी मोठी मिशी, आणि कलम करायला माणूस मिळाला नाही!

"म्हणजे रायवळ!" मी म्हणालो.

आता रत्नागिरीत रायवळ म्हणजे कोयीपासून आपोआप उगवलेला, कुणी कलम न केलेला आंबा. त्याला भाव नाही, पेटी नाही, कुणी मुंबईला पाठवत नाही. एखाद्याच्या आजोबांच्या वेलीला रायवळ म्हणणं हे भर बोलणीत मुलाच्या पगारावर हसण्यासारखं आहे. मुग्धाने डोळे मिटले. शालनने टेबलाखालून मला अशी लाथ मारली की ती विहीणबाईंना लागली.

"ओय!" विहीणबाई म्हणाल्या.

"आमच्यात रायवळ म्हणजे अगदी घरचं हो," शालनने घाईघाईने सांभाळून घेतलं. "हापूस आम्ही विकतो. पण घरात चोखून खायला, मोहरी वाटून लावलेलं सासव करायला रायवळच लागतो. त्याची सर नाही कशाला!"

दौलतराव मोठ्याने हसले आणि माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी मला समजावलं. फार पूर्वी परदेशात मुळं खाणारी एक कीड आली, तिने बागाच्या बागा साफ केल्या, तेव्हापासून बहुतेक द्राक्षं दुसऱ्या जातीच्या मुळावर कलम करतात. त्यांची स्वतःची बाकीची बागही कलमीच आहे. पण वाळूत ती कीड टिकत नाही, म्हणून आजोबांच्या वेली तशाच राहिल्या. "त्यांच्या चवीत मध्ये कोणी नसतं बघा. माती, मूळ आणि द्राक्ष. बस."

खरं सांगतो, चव वाईट नव्हती. पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं, दुसऱ्याला सरळ झालं, आणि दुसरं फुलपात्र मी आपणहून पुढे केलं. पण मनात एकच विचार: न बांधता एवढी, तर बांधल्यावर किती?

निघताना विहीणबाईंनी मुग्धाच्या हातात एक कुंडी ठेवली. मातीची, गेरूने रंगवलेली, वर 'मुग्धा' असं नाव काढलेली. आत कोवळी, हातभर उंचीची द्राक्षवेल.

"आमच्याकडे रीत आहे," त्या म्हणाल्या. "सून ठरली की तिच्या माहेरी आजोबांच्या वेलीचं रोप द्यायचं. लग्नात याच वेलीची पानं तिच्या ओटीत घालतात. सांभाळा हं."

"चिंताच नको!" मी म्हणालो. "झाड कुणाच्या हातात दिलंत माहीत आहे ना?"

त्यांना माहीत नव्हतं, हाच तर घोटाळा झाला.

मुग्धाला नोकरी नाशिकलाच लागली होती, ती परत गेली. जून महिना आला. जून म्हणजे आमचा कलमं बांधायचा हंगाम. माझे हात आपोआप शिवशिवायला लागतात. समोर ओट्यावर ती कुंडी. रोज सकाळी चहा पिताना मी तिच्याकडे बघायचो, आणि मला ते स्वतःच्या मुळावर उभं राहिलेलं पोर बघवेना. म्हटलं, लेकीच्या सासरची वेल, आणि कलमवाल्याच्या दारात रायवळ? लोक काय म्हणतील! लग्नाला व्याही येतील तेव्हा त्यांना दाखवू की कोकणातली कलाकारी काय असते.

आमच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधावर, रानद्राक्षाचा एक दांडगा वेल होता. कीड नाही, रोग नाही, गुरांनाही दाद देत नाही. म्हटलं, मूळ असावं तर असं! तो उपटून आणला. आमचा जुना गडी रावजी, जो माझ्या वडिलांपासून आमच्याकडे आहे, बाजूला उकिडवा बसून बघत होता.

"भाऊ, ह्या पाव्हण्यांचा झाड हाय. इच्यारलाव काय त्यांना?"

"अरे, भलं करायला विचारायचं कशाला?"

"नाय, मी आपला बोललो," रावजी म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

मी व्याह्यांची वेल वीतभरावर कापली, तिचा शेंडा रानवेलाच्या बुंध्यात पाचर मारून बसवला, पट्टी गुंडाळली, वर प्लॅस्टिकची पिशवी चढवली. काय जोड जमला होता! रावजीनेसुद्धा मान डोलावली. मग कुंडीतलं जुनं मूळ उपटून काढलं आणि त्या जागी हे नवं कलम लावलं.

"आणि हे?" शालनने खाली पडलेला बुंधा उचलून विचारलं. "हिरवा आहे की अजून."

"ते नुसतं मूळ गं. कचरा. टाक परसात."

पंधरा दिवसांत कलम मेलं.

मी तीस वर्षं कलमं बांधतोय. माझी कलमं मरत नाहीत. फार तर रुसतात. त्यामुळे हेही रुसलं असेल म्हणून मी आणखी आठवडाभर वाट पाहिली. पण आधी पान गळलं, मग काडी काळी पडली, आणि शेवटी हात लावला तर शेंडा पाचरीसकट माझ्या हातात आला. द्राक्षाची आणि रानद्राक्षाची सोयरीक जमत नाही, हे मला तेव्हा कळलं. नावावरून कुणालाही वाटेल की भाऊबंद असतील!

शालनला सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी कुंडी उचलून नर्सरीच्या शेडमध्ये नेली आणि "तिथे सावली बरी आहे" असं घरात जाहीर केलं. तिने विश्वास ठेवला. बिचारीला तेव्हा दुसरीच काळजी होती.

"अहो, मागच्या कपडे वाळत घालायच्या तारेवर कसला तरी वेल चढलाय. जरा येऊन बघा ना."

"कारलं असेल," मी म्हणालो. आमच्या परसात न्हाणीच्या मागे मी पाच वर्षांत फिरकलो असेन तर शपथ.

मुग्धाचा दर रविवारी फोन. "बाबा, वेल कशी आहे? फोटो पाठवा ना, सासूबाई विचारतात." मी मे महिन्यात काढलेला फोटो पाठवला. पुढच्या रविवारी तोच जरा कापून पाठवला. त्याच्या पुढच्या रविवारी तोच थोडा उजळ करून.

"बाबा, तिन्ही फोटोंत कुंडीमागे मांजर त्याच पायावर तोंड ठेवून झोपलंय."

"म्हातारं झालंय ते, हलत नाही."

हे असं कुठवर चाललं असतं देव जाणे. पण ऑगस्टमध्ये दौलतरावांचाच फोन आला. आवाज ओळखू येईना.

"व्याहीबुवा, नदीला पूर आला. आजोबांच्या चार ओळींत पाणी दिवसेंदिवस उभं होतं. मुळं कुजली. एक वेल राहिली नाही. काड्या काढून लावल्या, त्याही गेल्या."

"अरेरे," मी म्हणालो, आणि ते अगदी मनापासून होतं.

"पण एक देवाची कृपा बघा. तुमच्याकडे रोप दिलंय! आता आजोबांची वेल जगात फक्त तुमच्या ओट्यावर आहे. गणपती झाले की आम्ही येतो. तिच्याच काड्या आणून जरा उंचावर पुन्हा लावायच्या. तुमच्यासारख्या जाणकाराच्या हातात दिली ही आम्हाला बुद्धी झाली, त्याचंच नवल वाटतं."

मी फोन ठेवला. चार पिढ्यांची वेल, आणि तिचा शेवटचा शेंडा मी पाचर मारून मारला होता! मुलीचं लग्न मोडलं नाही तरी त्या घरात ती जन्मभर काय म्हणून ओळखली जाणार? 'कलमवाल्याची' म्हणून!

पण मी हातपाय गाळणारा माणूस नाही. दुसऱ्याच दिवशी पहाटेची एसटी धरून दापोली गाठली. तिथल्या एका नर्सरीत कोपऱ्यात धूळ खात पडलेली एक द्राक्षवेल मिळाली. तीच उंची, तशीच पानं. येताना ती मांडीवर घेऊन बसलो.

"काय हो ते?" कंडक्टरने विचारलं.

"द्राक्ष."

"कोकणात?" असं म्हणून तो एवढ्या मोठ्याने हसला की मागच्या सीटवरच्या आजींनी मला कारणाशिवाय चिवडा दिला.

घरी आणून ती मुग्धाच्या नावाच्या कुंडीत लावली आणि कुंडी पुन्हा ओट्यावर नेऊन ठेवली. एकच भानगड होती. ती कलमी होती, आणि ज्याने ती बांधली होती त्याचे हात तोडायला हवे होते! बुंध्यावर लिंबाएवढी गाठ, तीही वाकडी. मी त्या गाठीवर पालापाचोळ्याचा ढीग रचला आणि एक थापही घोकून ठेवली: लहानपणी मार लागला होता, त्याची गाठ आहे.

गणपती झाले. दौलतराव, विहीणबाई, मुग्धा, अजिंक्य, सगळे आले. दौलतराव चहालाही थांबले नाहीत. सरळ ओट्यावर गेले, कुंडीसमोर मांडी घालून बसले आणि हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी पानावरून हात फिरवला, पालापाचोळा बाजूला केला, आणि थांबले.

"व्याहीबुवा, इथे गाठ आहे."

"लहानपणी मार लागला होता," मी ठरल्याप्रमाणे म्हणालो.

"असं होय." त्यांनी निरखून पाहिलं. आणि मंडळी, त्यांनी ते मानलं! मान डोलावली! मी सुटलो होतो! पण मग ते हसून म्हणाले, "मला क्षणभर वाटलं, तुम्हीच कलम केलंत की काय. मग म्हटलं छे, एवढं गचाळ कलम व्याही कशाला बांधतील? अर्थात वय झालं की हातही कापतो माणसाचा."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी चाललं असतं. माझ्या जागी गावातला कुठलाही शहाणा माणूस गप्प बसला असता.

"कुणाचा हात कापतो?" मी ओरडलो. "माझा? अहो, हे माझं कलम नाहीच मुळी! हे दापोलीहून आणलंय! मी बांधलेलं असतं तर जोड शोधून सापडला नसता तुम्हाला!"

दौलतरावांनी हातातला पालापाचोळा खाली टाकला.

"मग तुम्ही बांधलेलं कुठे आहे?" दौलतरावांनी हळूच विचारलं.

"ते मेलं," मी म्हणालो.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! मग मी सगळं सांगितलं. सुरी, रानद्राक्ष, पाचर, मांजराचे फोटो, सगळं. दौलतराव चिडले असते तर बरं झालं असतं. ते चिडले नाहीत. तिथेच बसून राहिले, आणि त्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजोबांनी डोक्यावरून पाण्याच्या घागरी आणून जगवल्या होत्या," एवढंच म्हणाले. मुग्धा माझ्याकडे बघेना. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तसं मी त्यांना सांगितलंही, हात जोडून.

तेवढ्यात विहीणबाईंनी विचारलं, "शेंडा कापलात, तो मेला. मग खालचं मूळ काय केलंत?"

"टाकलं," मी म्हणालो.

"मी लावलं," शालन म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"हिरवं होतं म्हणून न्हाणीमागे खोचून ठेवलं. तारेवर वेल चढलाय म्हणून यांना चारदा सांगितलं. हे म्हणाले, कारलं असेल! मला काय माहीत हे त्याचंच! कुंडीतलं झाड जिवंत आहे असंच मला सांगितलंय ना यांनी!"

आम्ही सगळे परसात धावलो. न्हाणीच्या सांडपाण्यावर ती वेल अशी माजली होती की विचारू नका! तार संपवून ती पत्र्यावर गेली होती. पानांच्या मधूनमधून माझे बनियन लोंबत होते. दौलतराव चिखलात गुडघे टेकून बुंध्याशी वाकले आणि त्यांनी खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं. गाठ नव्हती. स्वतःच्या मुळावर उभी होती, आजोबांची वेल!

त्यांनी उठून शालनच्या पायांना हात लावला. ती बिचारी "अहो, हे काय!" म्हणत मागे सरकली आणि बादलीत बसली.

"वहिनी, काय घातलंत हिला?"

"काही नाही हो. धुण्याचं पाणी. आणि यांना इकडे येऊ दिलं नाही."

दौलतरावांनी ओल्या फडक्यात जपून काड्या गुंडाळल्या. मी म्हणालो, "थांबा, नीट कापून देतो." तेव्हा व्याही, विहीणबाई, जावई, मुलगी, बायको आणि गडग्यापलीकडून रावजी, सगळे एकदम ओरडले, "नको!"

डिसेंबरात लग्न झालं. मुग्धाच्या ओटीत त्याच वेलीची पानं पडली. (तोडायला शालन गेली. मला त्या दिवशी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला काम दिलं होतं.) काड्या नाशिकला जगल्या, तीन-चार वर्षांत वाढल्या, आणि परवा, नातीच्या बारशाला, त्या वेलींची पहिली बाटली उघडली. वाईन फक्कड होती. मी चार फुलपात्रं घेतली आणि एकही सांडलं नाही.

एक बाटली दौलतरावांनी मला मुद्दाम भेट दिली. वर सुंदर लेबल, आजोबांचं नाव, वेलीचं चित्र, आणि खाली बारीक अक्षरांत दोन ओळी: 'या वेलीला कलम केलेलं नाही. एकदा प्रयत्न झाला होता.'

बाटली मी दर्शनी कपाटात ठेवली आहे, लेबल भिंतीकडे करून. शालन रोज धूळ पुसते आणि ती पुन्हा सरळ करते.